साहेब, एकेकाशी बसून बोला

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, अहिल्यानगर



मी मिरजगावचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो आणि केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. हे पत्र तक्रारीचं नाही, बदलीच्या शिफारशीचं तर नाहीच. आपल्या यंत्रणेत वरिष्ठ माणूस हाताखालच्या माणसाशी बोलतो कसा, एवढ्याच विषयावर लिहितो आहे. पत्र खुलं अशासाठी, की ते केंद्रप्रमुखांनी, आशांच्या गटप्रवर्तकांनी आणि अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकांनीही वाचावं. माणसं सांभाळायचं रोजचं काम या मंडळींकडे आहे. त्यांना ॲप चालवायचं प्रशिक्षण मिळतं, नमुने भरायचं मिळतं. समोरच्या माणसाजवळ बसून त्याचं ऐकायचं कसं, याचं प्रशिक्षण मात्र माझ्या पाहण्यात कधी झालं नाही.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. अकोले तालुक्यातल्या पाड्यावरची आशा आणि आमच्या कर्जत तालुक्यातल्या वस्तीवरची आशा यांचे प्रश्न एक नाहीत. पण दोघींची माहिती एकाच तक्त्यात बसवावी लागते. एवढा कारभार आकड्यांशिवाय चालणार नाही, हे मला कळतं. म्हणून आढावा बैठका होतात, व्हीसी होते, ग्रुपवर ‘आज पाच वाजेपर्यंत’ असा निरोप येतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं पुढचं आहे. आकडा बैठकीत कळतो. तो आकडा तसा का आहे, हे बैठकीत कधीच कळत नाही.

कुठल्याही तालुक्याच्या कुठल्याही सभागृहात जाऊन बघा. समोर पडद्यावर तक्ता लागलेला असतो. हिरवी गावं वर, लाल गावं खाली. लाल गावाच्या माणसाला उभं केलं जातं.

“का कमी आहे?”

“वाढवतो, साहेब.”

“कधीपर्यंत?”

“येत्या आठवड्यात, साहेब.”

तो बसतो, पुढचा उठतो. साहेबांना तारीख मिळाली, इतिवृत्तात ओळ आली, आणि त्या माणसाची अडचण जशीच्या तशी त्याच्यासोबत एसटीने गावी परत गेली. ऐंशी-नव्वद सहकाऱ्यांसमोर उभं राहून ‘मला हे जमत नाही’ असं कोण म्हणेल? ‘वाढवतो’ हे तिथलं सर्वांत सुरक्षित उत्तर आहे, आणि सगळे तेच देतात.

आता याचीच दुसरी बाजू सांगतो. माझ्या केंद्रात वस्तीवरची एक द्विशिक्षकी शाळा होती. तिथल्या बाई अनुभवी आणि वेळेच्या पक्क्या. पण तिसरीची मुलं वाचनात मागे होती आणि शिक्षण परिषदेत दर वेळी बाईंचं उत्तर ठरलेलं, ‘प्रयत्न चालू आहेत.’ एकदा आधी दिवस ठरवून शाळा सुटायच्या वेळी गेलो. मुलं घरी गेली. आम्ही ओट्यावर बसलो. शेरेपुस्तक पिशवीतच ठेवलं आणि म्हणालो, “बाई, आज तपासणी नाही. तुमचं कुठं अडतंय, तेवढं सांगा.”

सुरुवातीला त्या पोषण आहाराच्या तांदळावर बोलल्या. मग ऑनलाइन माहिती, मग स्वच्छतागृहाचं पाणी. हे सगळं खरंच होतं, पण मला आधीच माहीत होतं. मी मध्ये बोललो नाही. वहीत लिहून घेत राहिलो. अर्ध्या तासाने त्या थांबल्या. मीही गप्प राहिलो. मग त्या म्हणाल्या, “सर, एक विचारू का? आधीच्या शाळेत मला एकच वर्ग होता. इथं दोन वर्ग एकत्र घ्यायचे आणि जोडीदार मतदार यादीच्या कामाला गेले की चारही. चार वर्ग पुढ्यात बसवून पहिलीला वाचायला कसं शिकवायचं, ते मला खरंच येत नाही.”

एवढ्या वर्षांची नोकरी झालेल्या बाईंना हे वाक्य सभागृहात बोलता येणं शक्य नव्हतं. त्यावर उपाय काही मोठा नव्हता. केंद्रातल्याच दुसऱ्या शाळेत एक गुरुजी चार वर्ग एकत्र फार छान सांभाळायचे. बाई दोन दिवस त्यांच्या वर्गात मागे बसल्या, नंतर ते एक दिवस यांच्या शाळेवर येऊन गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत तिसरीची बरीच मुलं धड्यातली गोष्ट अडखळत का होईना वाचू लागली. सगळी नाही. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं मागेच राहिली, कारण त्यांचा प्रश्न वेगळा होता आणि तो ओट्यावर सुटणारा नव्हता.

माणूस पहिल्यांदा जे सांगतो ते बहुधा सोपं असतं, खरं दुखणं शेवटी बाहेर येतं. इंटेल या कंपनीचे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ च्या ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ या पुस्तकात नेमकं हेच मांडलं आहे. अशा भेटीला निदान तासभर तरी द्यावा, कारण वेळ थोडा आहे असं दिसलं की माणूस पटकन उरकणारे विषयच काढतो, असं ते म्हणतात. ही भेट साहेबांची नसून हाताखालच्या माणसाची आहे, विषय त्याने ठरवावेत आणि शक्यतो साहेबांनी त्याच्या कामाच्या जागी जावं, असाही त्यांचा आग्रह आहे. वरिष्ठाच्या दीड तासाने समोरच्याचं पुढच्या दोन आठवड्यांचं काम सुधारू शकतं, हा त्यांचा हिशेब. चिप बनवणाऱ्या कारखान्यातला हा धडा वस्तीशाळेच्या ओट्यावर जसाच्या तसा लागू पडतो.

पण त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. आमच्या शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्कामी राहायच्या, एकमेकींकडून आणि डॉक्टरांकडून शिकायच्या. आधी त्यांच्या मनातली भीती आणि ‘आपल्याला काय कळतंय’ ही भावना काढली गेली, औषधांची माहिती त्याच्या जोडीने आली. आणि प्रकल्पाचं फिरतं पथक त्यांच्या गावात जायचं, त्यांच्याबरोबर घरोघर फिरायचं, तिथल्या तिथे अडचण सोडवायचं. म्हणजे शिकणं सगळ्यांनी मिळून आणि आधार एकेकीला तिच्या गावात, अशी सरळ विभागणी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात या कामाची दखल घेतली गेली आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर देशभर आशा नेमल्या गेल्या, त्या कल्पनेच्या पूर्वजांत जामखेडचं नाव घ्यावंच लागतं. सरकारने तिथली सेविका उचलली; तिच्या गावात जाऊन तिच्या पाठीशी उभं राहायची पद्धत मात्र तेवढ्या आस्थेने उचलली नाही.

आशाताईंचंच उदाहरण घ्या. बारा आठवड्यांच्या आत गरोदर मातेची नोंदणी व्हावी, असा दंडक आहे. दक्षिणेकडच्या तालुक्यांत तो आकडा काही गावांत मार खातो. बैठकीत आशाताईला विचारलं, की ती म्हणते ‘पुढच्या वेळी करते’. तिच्या घरी बसून, चहा घेत विचारलं तर ती सांगते, की दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या लेकी-सुना वसंतात परत येतात, तेव्हा पाचवा महिना चालू असतो. गावात कुणी लपवत नाही आणि ताईही कामचुकार नाही. यावर मार्ग निघतो, पण तो टोळ्या गाव सोडण्यापूर्वीच काढावा लागतो. जाणाऱ्या जोडप्यांची यादी, मोबाइल नंबर, कोणत्या कारखान्याकडे चाललेत ते, आणि महिन्यातून एक फोन. हे कुणाला सुचेल? जिला कारण माहीत आहे तिलाच. आणि तिला ते बोलायला जागा पाहिजे.

ही भेट घ्यायची कशी, याबद्दल नोकरीत जे पक्कं झालं ते थोडक्यात मांडतो.

दिवस आणि वेळ आधी कळवा, आणि पाळा. वरून अचानक बैठक लागली तर भेट पुढे ढकलावी लागते, ते समजण्यासारखं आहे. पण त्याच फोनवर नवी तारीख द्या. ‘बघू नंतर’ म्हटलं की समोरच्याला आपली किंमत कळून चुकते.

तपासणी आणि भेट एका दिवशी करू नका. हजेरीपट, दैनंदिनी, टाचण ज्या दिवशी बघायचं त्या दिवशी तेच बघा. एकदा शेऱ्याचं पेन बाहेर निघालं, की माणूस जपून बोलू लागतो.

आधी त्याला बोलू द्या. ‘कसं चाललंय?’ असं विचारलं तर ‘बरं चाललंय’ एवढंच येणार. त्यापेक्षा नेमकं विचारा: या महिन्यात सर्वांत जास्त वेळ कशात गेला? कुठलं काम रखडलंय? माझ्याकडून काय अडलंय? यातला शेवटचा प्रश्न विचारायला छाती लागते, आणि उत्तर आल्यावर खुलासा न करता ते लिहून घ्यायला त्याहून मोठी. पण पुढचा सगळा विश्वास त्या एका उत्तरावर उभा राहतो.

भेटीची वही ठेवा. तिच्यात समोरच्याच्या चुका लिहायच्या नाहीत, आपण काय कबूल केलं ते लिहायचं. पुढची भेट त्याच पानापासून सुरू करायची. ‘खोलीचे पत्रे गळतात, प्रस्ताव पाठवतो म्हणालो होतो, पाठवला, अजून मंजूर नाही,’ एवढं सांगितलं तरी पुरतं. काम झालं नाही म्हणून माणसं तुटत नाहीत. आपण सांगितलेलं साहेब विसरले, म्हणून तुटतात.

जे ऐकलं ते बैठकीत किंवा ग्रुपवर काढू नका. याला दोन अपवाद: मुलाच्या सुरक्षिततेची बाब आणि पैशातला घोटाळा. हे आपल्याला वर कळवावंच लागेल, असं सुरुवातीलाच सांगून ठेवा, म्हणजे नंतर दगा झाल्यासारखं वाटत नाही.

जो समोर नाही त्याच्याविषयीची चर्चा लांबवू नका. नाही तर भेटीची चुगलीसभा होते आणि गावातली गटबाजी शाळेत शिरते. दोन सहकाऱ्यांत खरंच बिनसलं असेल, तर दोघांना बसवूनच बोला.

आणि एक गोष्ट, जी बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही पण आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. पुरुष अधिकारी आणि स्त्री कर्मचारी असतील तर ओट्यावर, व्हरांड्यात किंवा झाडाखाली बसावं. बोलणं इतरांना ऐकू जाऊ नये, पण दोघं बसलेले चारचौघांना दिसावेत. वेळ दिवसाउजेडीची असावी. बाईंना वाटलं तर सोबत कुणी बसायला हरकत नसावी. या साध्या गोष्टी पाळल्या नाहीत, तर ज्या भेटीने आधार द्यायचा तीच ताईंच्या मानेवरचं ओझं होते.

आता वेळेचा प्रश्न. ‘एवढा वेळ कुठून आणायचा?’ असं प्रत्येक जण विचारणार. हिशेब करू. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा आणि साडेतीन हजारांच्या आसपास गटप्रवर्तक आहेत, म्हणजे एका गटप्रवर्तक ताईकडे साधारण वीस आशा. प्रत्येकीला महिन्यात अर्धा तास दिला, तर गटप्रवर्तकांचे दहा तास जातात. आणि वीस आशांची चार तासांची एक मासिक बैठक झाली, तर आशांचे मिळून ऐंशी तास जातात. येण्याजाण्याचा वेळ वेगळाच. ती बैठक दोन तासांवर आणली, तर आशांचेच चाळीस तास गावाला परत मिळतात. गटप्रवर्तक गावभेटीला तशाही जातातच. त्या भेटीतला अर्धा तास फक्त ऐकायला राखून ठेवायचा आहे.

केंद्रप्रमुखांचं गणित जास्त अवघड आहे, हे मान्य. १९९४ मध्ये हे पद आलं तेव्हा साधारण दहा शाळांमागे एक, अशी कल्पना होती. आज रिक्त पदांमुळे एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार असतो. अशा वेळी सगळ्यांना सारखा वेळ देऊ नये. नवीन लागलेले, बदलून आलेले, अडचणीत असलेले शिक्षक यांच्याशी महिन्याला बोला. मुरलेल्या शिक्षकांशी सत्रातून एकदा बोललं तरी चालेल. पण तेव्हाही त्यांना ‘तुमचं काय, तुमचं चांगलंच चाललंय’ म्हणून उठू नका. चांगलं काम करणाऱ्या माणसाशी आपल्याकडे कुणी बोलतच नाही. त्याच्याकडे फक्त जास्तीचं काम येतं.

कुणी म्हणेल, अधिकारी तीन वर्षांत बदलतो, मग हे टिकणार कसं? यावर उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना इथे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालयातल्या कागदांना शिस्त लावली: कुठली संचिका कुठे, प्रलंबित काय, नष्ट काय करायचं, हे सगळं ठरवून दिलं. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ते काम राज्यभर गेलं आणि साहेब बदलून गेल्यावरही राहिलं. ते टिकलं, कारण ते एका माणसाच्या स्वभावावर अवलंबून नव्हतं, रोजच्या कामाची रीत झालं होतं. कागदांचं जे झालं ते माणसांचंही होऊ शकतं. जाणाऱ्या अधिकाऱ्याने आपण दिलेल्या शब्दांची यादी येणाऱ्याच्या हाती द्यावी. कुणी विश्वासाने सांगितलेलं खासगी मात्र देऊ नये.

आणि ज्यांचं नाव आता जिल्ह्याला आहे, त्या अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी हे जामखेड तालुक्यातलंच. त्या रोज दरबारात बसत आणि प्रत्येकाची फिर्याद जातीने ऐकत, असं माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांच्या मागे लिहून ठेवलं आहे. जिल्ह्याला ते नाव देणं एका आदेशाने झालं. ती सवय लावून घ्यायला आदेश पुरणार नाही.

म्हणूनच, साहेब, याचं परिपत्रक काढू नका. परिपत्रक निघालं की नमुना येईल, नमुन्यामागे लिंक येईल, लिंकवर भेटीचा जिओटॅग फोटो मागितला जाईल, आणि मग गटप्रवर्तक ताई आशाताईच्या दारात फोटो काढून पुढच्या गावाला निघतील. माझ्या मागण्या तीनच आहेत.

पहिली, सुरुवात आपण करा. आपल्या १४ गटविकास अधिकाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या कार्यालयात जाऊन, तक्ता न उघडता, एकेकाशी तासभर बोला. ज्याचं वरच्याने ऐकलं आहे तोच खालच्याचं ऐकतो. ज्याला फक्त झापलं जातं, तो खाली झापणंच पोहोचवतो.

दुसरी, मासिक बैठका निम्म्या वेळेत आटोपा. जी माहिती पोर्टलवर आधीच भरली आहे ती पुन्हा वाचून घेऊ नका. बैठकीत शिकण्याचं आणि ठरवण्याचं काम करा.

तिसरी, या भेटींचा अहवाल मागू नका. त्या होतात की नाही हे बघायचं असेल, तर दौऱ्यावर भेटलेल्या एखाद्या आशाताईला, अंगणवाडीताईला किंवा शिक्षकाला एवढंच विचारा: ‘तुमच्या वरिष्ठांनी गेल्या भेटीत तुम्हाला काय कबूल केलं होतं, आणि ते झालं का?’ उत्तर लगेच आलं तर भेटी होतायत. समोरचा गोंधळून तुमच्याकडे बघत राहिला तर होत नाहीत. याहून चांगली तपासणी मला माहीत नाही, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

पहिली भेट येत्या महिन्यातच ठेवा. आणि तिच्यानंतर लगेच दुसरी बैठक लावू नका. खरं बोलणं शेवटच्या पंधरा मिनिटांत होतं.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख
मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर